वन्स मोअर कुणाला?

माझ्या आत्याला ‘कुलवधू’तली पदं तोंडपाठ होती. नाटकाची गोष्ट विचारली की मात्र ती अडखळायची. “अगं, ती नटी असते, नवऱ्याला ते खपत नाही, मग ती घर सोडते...” एवढं सांगून पुन्हा गुणगुणायला लागायची. पुढं काय झालं, हे तिच्या लेखी गौण होतं. तेव्हा मला हा विसरभोळेपणा वाटे. आता वाटतं, त्या नाटकावरचं सगळ्यात नेमकं भाष्य तिनंच केलं होतं.

मो. ग. रांगणेकरांचं हे नाटक ‘नाट्यनिकेतन’नं 1942 साली रंगभूमीवर आणलं. भानुमती चित्रपटात काम करते, तिचं नाव होतं, पैसा येतो. नवरा देवदत्त वाईट माणूस नाही, आणि खरी अडचण तीच आहे. दारुडा किंवा मारकुटा नवरा असता तर भानुमतीचा निर्णय सोपा होता. बायकोच्या नावानं ओळखलं जाणं देवदत्ताला बोचतं, एवढाच त्याचा गुन्हा. असे देवदत्त आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात एक-दोन तरी निघतील. कुणी बायकोला ‘मॅडम’ म्हणून हाक मारतो आणि ती थट्टाच आहे असं सांगतो.

‘प्रेम की करिअर’ हा पेच आपण हल्ली सहज बोलून जातो. पण मराठीत या दोन शब्दांच्या मधे तिसरा एक शब्द ठाण मांडून बसलेला असतो: संसार. बाईला प्रेम सोडायला क्वचितच सांगतात. ‘संसाराकडे बघ’ असं सांगतात. रांगणेकरांनी नाटकाला नाव दिलं तेही प्रेयसीचं नाही, अभिनेत्रीचं नाही, पत्नीचंसुद्धा नाही, कुळाच्या सुनेचं. इब्सेनच्या नाटकातल्या नोरानं 1879 मध्ये घर सोडताना आपटलेल्या दाराचा आवाज या नाटकात ऐकू येतो, असं समीक्षक सांगत आले. येतो खरा. पण नोरा उंबरठा ओलांडते तेव्हा मागचं सगळं तोडून जाते. भानुमती नवऱ्याशी भांडते, कुळाशी नाही. शीर्षकानंच तिला परतीचं तिकीट काढून दिलंय.

इथवर पाहिलं तर हे एका सावध सुधारकाचं नाटक आहे. पण ते संगीत नाटक आहे, आणि मला जे म्हणायचंय ते या ‘पण’मध्ये आहे.

भानुमती झाल्या होत्या ज्योत्स्ना भोळे. मूळच्या गोव्याच्या, माहेरच्या दुर्गा केळेकर. 1933 च्या ‘आंधळ्यांची शाळा’पासून रंगभूमीवर स्त्रीची भूमिका स्त्रीनंच करायची ही गोष्ट त्यांच्यामुळे रुजायला मदत झाली. संगीत मास्तर कृष्णरावांचं, म्हणजे गंधर्व परंपरेत मुरलेल्या माणसाचं. रांगणेकरांनी रात्रभर चालणारं नाटक आटोपशीर केलं, पदं मोजकी ठेवली. जी ठेवली ती मात्र लोक अजून विसरलेले नाहीत; त्यातली भैरवी आजही मैफलीच्या शेवटी ऐकू येते.

आता प्रेक्षागृहाची कल्पना करा. बाईनं कलेसाठी घर पणाला लावावं का, असा प्रश्न नाटक विचारतंय. आणि प्रेक्षक कशासाठी तिकीट काढून आलाय? त्याच बाईचं गाणं ऐकायला. संवादांत देवदत्ताची बाजू पटून माना डोलावणारे गृहस्थ तिचं पद संपताच ‘वन्स मोअर’ ओरडतात. कथानक म्हणतं, आता पुरे. थिएटर म्हणतं, पुन्हा एकदा. प्रत्येक ‘वन्स मोअर’ हे भानुमतीच्या करिअरला पडलेलं मत होतं, आणि मत देणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. गद्य नाटकात हे घडूच शकलं नसतं. तिथं ‘मी मोठी अभिनेत्री आहे’ हे वाक्य आपण लेखकाच्या भिडेखातर खरं मानतो. इथं पुरावा कानावर पडतो.

पडद्यामागे तर भलतंच चित्र. ज्योत्स्नाबाईंचे पती केशवराव भोळे स्वतः संगीतकार आणि संगीतसमीक्षक. बायकोच्या गाण्याला बळ देणारे. नवऱ्याला जिचं काम सोसत नाही अशी बाई रंगवायला जिच्या नवऱ्याला ते सोसत होतं अशीच बाई हवी होती. दुसरी त्या काळी तिथवर पोचलीच नसती.

पुरुषाच्या बाबतीत हा पेच किती वेगळा दिसतो! 12 मार्च 1911 रोजी मुंबईत ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यात स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला, ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले, गायले. ही हकीकत आपण शंभराहून अधिक वर्षं निष्ठेचा नमुना म्हणून सांगतो. मला त्यांच्या दुःखाबद्दल शंका घ्यायची नाही. मात्र एखाद्या नटीनं तेच केलं असतं, तर तिच्यासाठी कोणते शब्द वापरले गेले असते, ते लिहिण्याची गरज नाही.

दोन वर्षांनी, 1913 मध्ये, किर्लोस्कर नाटक मंडळीनं खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ आणलं. संजीवनी विद्या मिळवायला शत्रूच्या गोटात गेलेला कच, त्याच्यावर जीव टाकणारी गुरुकन्या देवयानी. महाभारतातली ही गोष्ट म्हणजे आपल्याकडचा ‘प्रेम की करिअर’चा आद्य खटला. कच विद्या घेतो आणि निघतो. गुरूच्या पोटातून पुन्हा जन्मलो म्हणून तू बहीण, असा तांत्रिक मुद्दा काढून. (सरकारी फायलीवर शोभेल असा.) ती शाप देते, ही विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. खाडिलकरांचा रोख होता गुरू शुक्राचार्याच्या मद्यपानावर, प्रेमावर नव्हे. तरी देवयानी झाले होते बालगंधर्व, आणि श्रोत्यांचा जीव कुणात अडकला असेल ते उघड आहे. जाणाऱ्याच्या पदरात कर्तव्य पडतं, राहणारीच्या वाट्याला सूर येतात. संगीत नाटकातला हा जुना रिवाज. ‘कुलवधू’मध्ये तो उलटला, कारण जाणारी बाई होती आणि गाणंही तिचंच होतं.

अमेरिकेत 2001 मध्ये जेसन रॉबर्ट ब्राउन यांनी ‘द लास्ट फाइव्ह इयर्स’ हे दोन पात्रांचं संगीतक लिहिलं, तेव्हा पेच हाच होता. जेमी कादंबरीकार म्हणून झपाट्यानं वर जातो, कॅथी अभिनेत्री म्हणून धडपडत राहते. त्याची गोष्ट भेटीपासून ताटातुटीकडे जाते, तिची ताटातुटीपासून भेटीकडे. दोघांचे काळ जुळतात ते एकदाच, मधोमध, लग्नाच्या वेळी. रचना इतकी हुशार की क्षणभर हुशारीचाच राग येतो. कॅथीचा ऑडिशनचा प्रसंग मात्र मला भानुमतीची धाकटी बहीण वाटतो: समोर परीक्षक, ओठांवर गाणं आणि गाण्याच्या आत घरची, पोटाची, चपलांची चिंता. नाकारली जाणारी गायिका रंगवण्यासाठी कुणीतरी उत्तम गाणारी लागते, हा विरोधाभास तिथंही चुकलेला नाही.

आत्याकडे ‘कुलवधू’ची एक जुनी तबकडी होती, अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात एक पद मावे. देवदत्ताचा अभिमान, कुळाची अब्रू, तिसऱ्या अंकातला समेट यांतलं काहीच तबकडीवर चढलेलं नव्हतं. सुई शेवटच्या खाचेत खरखरू लागली की आत्या उठून ती उचलायची आणि पुन्हा सुरुवातीला ठेवायची.