भागाकार कशानं केलास?

इन्व्हर्टरच्या अहवालातलं शिशाचं पान उघड. ‘शिसे 0.074 टक्के, मर्यादेच्या आत’ असं ठासून लिहिलंयस. दहा ग्रॅम सोल्डर, त्यात 37 टक्के शिसं, म्हणजे 3.7 ग्रॅम, भागिले अख्ख्या यंत्राचे 5 किलो. भागाकार बिनचूक, उत्तर साफ चूक!

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 मधला सोळावा नियम वाचलास का? शिशाची 0.1 टक्क्याची मर्यादा एकजिनसी पदार्थाच्या वजनावर आहे, यंत्राच्या नव्हे. कॅडमियमला तर 0.01. कापून, दळून, घासूनही ज्याचे निरनिराळे पदार्थ वेगळे करता येत नाहीत, ते एकजिनसी. तारेवरचं प्लॅस्टिक वेगळं, आतलं तांबं वेगळं, सोल्डरचा सांधा वेगळा. तुझा सांधा मर्यादेच्या 370 पट आहे आणि तू तो ट्रान्सफॉर्मरच्या वजनाआड दडवलास. सोलापूरचा आहेस ना? चादरीतला एक धागा कच्च्या रंगाचा निघाला, तर चादरीचं वजन सांगून गिऱ्हाइकाची समजूत घालशील?

पुढचं पान तर आणखी वाईट. रेझिस्टरच्या डेटाशीटवर ‘रोएचएस कम्प्लायंट’, म्हणजे घातक पदार्थांच्या मर्यादा पाळणारा, असं दिसलं आणि तू ‘शिसेमुक्त’ लिहून मोकळा झालास. त्याच ओळीत ‘7(सी)-1’ छापलंय, ते सोडून दिलंस. ती सवलत आहे: काचेतल्या किंवा सिरॅमिकमधल्या शिशाला दिलेली. म्हणजे शिसं आहे, फक्त तिथं चालतं. उद्या हाच माल युरोपात गेला, तर तिथला ‘रीच’ कायदा निराळा हिशेब मागेल. 27 जून 2018 पासून शिसं त्यांच्या चिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे आणि त्यांचा 0.1 टक्का सुट्या वस्तूच्या, इथं त्या इवल्या रेझिस्टरच्या, वजनावर मोजतात. त्याहून जास्त भरलं तर गिऱ्हाइकाला कळवणं बंधनकारक. आपल्याकडेही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ बाजारातून नमुने उचलू शकतं. तेव्हा हा कागद दाखवणार आहेस?

तुला हे जमत नाही असं असतं, तर मी इतका चिडलो नसतो. हा इन्व्हर्टर एक दिवस भंगारात जाईल. कुणीतरी बोर्ड आचेवर धरून सुटे भाग काढेल, जवळच त्याचं लेकरू खेळत असेल. मुलाच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुझ्या 0.074 चा त्या लेकराला काय उपयोग?

भागांची यादी नव्यानं कर. प्रत्येक भागापुढे पदार्थ, त्याचं वजन, सवलत असेल तर तिचा क्रमांक आणि पुरवठादाराचं घोषणापत्र. नुसता शिक्का मला चालणार नाही. कथिल-चांदी-तांब्याचं सोल्डर वापर. ते तुझ्या जुन्या सोल्डरसारखं 183 नव्हे, 217 अंशांच्या आसपास वितळतं, त्याप्रमाणे आयर्न लाव. टिपही नवी घे. आणि जुन्या सांध्यांवरच नवं सोल्डर चढवून आणू नकोस, बोर्ड नवा बनव.