ओक रिजच्या नातवंडांसाठी

हे अंतर्यामी देवा, आज तुझ्यापाशी मागणं आहे ते अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, ओक रिज गावात राहिलेल्या माणसांच्या नातवंडांसाठी. आजी गेली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती काय करत होती हे विचारायचं राहूनच गेलं, असं ज्यांना आता उमगतंय त्यांच्यासाठी.

तू तिला पाहिलं आहेस. शेतकऱ्याची पोर, नुकतीच हायस्कूल संपवलेली. वाय-12 कारखान्यात उंच स्टुलावर बसायचं आणि समोरच्या तबकडीतला काटा ढळला की बटण फिरवून जागेवर आणायचा, एवढंच तिला शिकवलं होतं. पलीकडे अजस्र चुंबक होते. त्यांच्या वेटोळ्यांसाठी तांबं पुरेना, म्हणून सरकारी खजिन्यातली सुमारे 14,700 टन चांदी आणली होती. ते चुंबक पोरींच्या केसांतल्या पिना ओढून घेत. नैसर्गिक युरेनियममध्ये शंभरात एक भागही नसणारं युरेनियम-235 आपण अणुबॉम्बसाठी वेगळं करतोय, हे तिला माहीत नव्हतं. तुला होतं. फार प्रश्न विचारणारी माणसं कामावरून नाहीशी होत, म्हणून तिनं विचारणं सोडलं, आणि पुढे सांगणंही.

6 ऑगस्ट 1945 ला जपानमधल्या हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकल्याचं रेडिओवर आलं, तेव्हा तिला आपलं काम कळलं. त्या वर्षाअखेरपर्यंत तिथे सुमारे 1,40,000 माणसं गेली. युद्ध संपणार, भाऊ घरी येणार, म्हणून आनंदलेल्या पोरींपैकी कुणी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली असेल, तर तेही फक्त तूच पाहिलंस.

देवा, तिच्या नातवंडांना ही आठवण अख्खी पेलू दे. तिचा हात वाकबगार होता. काटा सांभाळण्यात त्या पोरींनी शास्त्रज्ञांनाही मागे टाकलं होतं. त्याचा अभिमान त्यांना वाटू दे. आणि हिरोशिमा त्यातून गाळू देऊ नकोस. ओक रिजनंच 1996 साली जपानमध्ये ओतलेली मैत्रीची घंटा टांगली; तिच्यावर जपाननं केलेल्या पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची तारीख आहे आणि हिरोशिमाचीही. मात्र जाणूनबुजून आजीला अंधारात ठेवणाऱ्यांचा हिशेब तिच्या खात्यावर मांडू नकोस. तो वेगळा आहे.

1942 साली या कारखान्यांसाठी ज्यांना याच जमिनीवरून काही आठवड्यांत उठवलं, त्या शेतकऱ्यांच्या वंशजांनाही विसरू नकोस. तिथे नवराबायकोला वेगवेगळ्या झोपड्यांत राहायला लावलेल्या कृष्णवर्णीय मजुरांच्या लेकरांनाही. आणि एब केड या मजुराच्या माणसांना. अपघातात हाडं मोडून तो तिथल्या इस्पितळात पडला होता. एप्रिल 1945 मध्ये त्याच्या संमतीवाचून त्याच्या शरीरात प्लुटोनियम टोचलं गेलं.

किरणोत्सर्गानं आजारी पडलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना भरपाई देणारा कायदा अमेरिकेत 2000 साली झाला. ज्या बापानं घरी एक शब्द सांगितला नाही, त्याच्या कामाचा पुरावा पोरांनी कुठून आणायचा? त्यांचे कागद तपासणाऱ्यांच्या मनात तू दया घाल.

त्या पोरींपैकी ज्या अजून आहेत, त्या शंभरीला टेकल्या आहेत. देवा, त्यांच्या जिभेवरचं जुनं कुलूप काढ, आणि त्यांच्या घरच्यांना आजच त्यांच्याजवळ बसून विचारण्याची बुद्धी दे.