मुलांच्या हाती खरा इतिहास द्या

समस्त स्तुती अल्लाहसाठी, ज्याने मानवाला लेखणीच्या द्वारे ज्ञान दिले, आणि दरूद व सलाम त्याचे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर.

बंधू-भगिनींनो, दिव्य कुरआनात एका मुलाचे चरित्र सलग एका सूरहमध्ये आले आहे. भावांनी विहिरीत टाकलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, निरपराध असून तुरुंगात राहिलेला आणि पुढे इजिप्तच्या धान्यकोठारांचा कारभारी झालेला तो मुलगा म्हणजे आदरणीय यूसुफ (अ.). या सूरहच्या अखेरच्या आयतीत अल्लाह दोन गोष्टी स्पष्ट करतो : पूर्वजांच्या वृत्तांतात बुद्धिमंतांसाठी बोध आहे, आणि हा वृत्तांत रचलेला नाही. मुलांसाठी इतिहास व चरित्राचे पुस्तक निवडताना हीच दोन परिमाणे आपल्या हाती असावीत. पुस्तकात बोध असावा आणि ते खरे असावे.

मोरवा, राई, मुर्धा या आपल्या गावांतील मुले चौथीत छत्रपती शिवाजी महाराजांचा इतिहास शिकतात. प्रतापगडाचा धडा झाला की एखादे मूल घरी येऊन विचारते, ‘‘अब्बा, अफजलखान आपला होता का?’’ या प्रश्नापुढे पुष्कळ घरांत शांतता पसरते. काही घरांत मोबाईलवर आलेला एखादा मजकूर वाचून दाखवला जातो. मौनातून मूल असे शिकते की, हा इतिहास परक्यांचा आहे. आणि ऐकीव मजकुरातून शिकते की, इतिहास म्हणजे भांडणात वापरायचे हत्यार.

वास्तविक उत्तर कठीण नाही. १६५९ साली प्रतापगडाखाली खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. पुढे १६७९ साली, आपल्याच किनाऱ्याच्या दक्षिणेस खांदेरी बेटासाठी इंग्रजांशी झुंज झाली, तेव्हा मराठ्यांच्या आरमारात दौलतखान अग्रभागी होता. राज्याचा संघर्ष राज्याशी होता, हे दहा वर्षांच्या मुलालाही समजते. मात्र ते सांगण्यासाठी आधी आईबापांनी वाचलेले असावे लागते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. महाराजांच्या सैन्यात मुस्लिम किती टक्के होते, याचे मोठमोठे आकडे आपल्या लोकांत फिरतात. त्यांना समकालीन कागदाचा आधार कोणी दाखवत नाही. ते ऐकून मन सुखावते, म्हणून आपण ते पुढे पाठवतो. परंतु सूरह हुजुरातमध्ये वार्तेची शहानिशा करण्याची जी आज्ञा आहे, तिच्यात मनाला आवडणाऱ्या वार्तेसाठी सवलत ठेवलेली नाही. ज्या समाजाने हदीसच्या एकेका कथनकर्त्याचे चरित्र तपासण्यासाठी ‘अस्माउर्रिजाल’ हे शास्त्र उभे केले, त्याने आपल्या मुलांना निराधार आकडे पाठ करायला लावावेत, हे शोभत नाही. उद्या वर्गात तो आकडा खोटा ठरला, तर मूल त्यासोबत सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट चरित्राच्या प्रामाणिकपणाची. बालवाचकांसाठी लिहिताना अनेकजण केवळ विजय निवडतात. बद्र येते, मक्का-विजय येतो आणि उहुद दोन ओळींत संपते. परंतु कुरआनने उहुद लपवले नाही. टेकडीवर नेमलेल्या पन्नास तिरंदाजांपैकी बहुतेकांनी जागा सोडली आणि सत्तर सहाबा शहीद झाले. हा प्रसंग सूरह आलि इमरानमध्ये कायमचा नोंदलेला आहे. अंध सहाबी अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) आले असता प्रेषितांच्या (स.) कपाळावर आठी पडली, तेव्हा अल्लाहने केलेली सूचनाही ‘अबस’ या सूरहमध्ये आपण आजवर पठण करतो. जो धर्म आपल्या ग्रंथात हे जतन करतो, त्याच्या मुलांना दोष झाकलेल्या चरित्रांची गरज नाही. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला बद्रपेक्षा उहुदच अधिक धीर देईल.

तिसरी गोष्ट न्यायाची. कोणत्याही लोकांविषयीचे वैर तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये, असे सूरह माइदा बजावते. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ या ग्रंथात प्रेषितांचे (स.) चरित्र मराठीत किती आदराने मांडले आहे! दुसऱ्याच्या थोरांकडे असे पाहता येते, तर आपल्या घरातील कपाटात महात्मा फुले, सावित्रीबाई आणि डॉ. आंबेडकर यांची चरित्रे का नसावीत?

सोलापूरचे उदाहरण मुलांना अवश्य सांगा. १९३० च्या मे महिन्यात त्या शहरात इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी झाली : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. मुलांना सांगताना चारही नावे घ्या. केवळ कुर्बान हुसेन यांचे नाव घेतले तर तो अर्धा इतिहास, आणि ते वगळले तरी तो अर्धाच.

आता कृतीचे बोलू. महिन्याला एक पुस्तक घरात आणा. त्याची किंमत एका वेळच्या बाहेरच्या जेवणाहून क्वचितच अधिक असते. इशाच्या नमाजनंतर दहा मिनिटे मुलाला मोठ्याने वाचू द्या. मराठी शाळेतील मुलाला मराठीतच वाचू द्या. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारा : हे लेखकाला कसे कळले? या माणसाचे काय चुकले? आपण यातून काय घ्यावे? आणि वाचून झालेली पुस्तके मकतबच्या एका फळीवर ठेवा, म्हणजे ज्याच्या घरी पैसा नाही त्याचेही मूल वाचेल. लाभदायक ज्ञान मागे ठेवणाऱ्याचे पुण्य मृत्यूनंतरही चालू राहते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण जाणतोच.

हे अल्लाह, आमच्या मुलांना सत्य ओळखण्याची दृष्टी, ते बोलण्याचे धैर्य आणि सर्वांविषयी न्यायबुद्धी दे. आमीन.