मार्कोवा गावच्या शेतकऱ्याचे ‘होय’



संतांचा स्मरणदिन बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतो. पोलंडमधील मार्कोवा गावच्या उल्मा कुटुंबाचे स्मरण मात्र 7 जुलैला, म्हणजे आईवडिलांच्या लग्नाच्या दिवशी केले जाते. 1935 साली याच दिवशी युझेफ आणि विक्टोरिया गावच्या चर्चमध्ये विवाहबद्ध झाले. ते पस्तीस वर्षांचे, ती बावीस वर्षांची. नऊ वर्षांनंतर त्या घरातले कुणीच उरले नव्हते. मला आज त्या नऊ वर्षांबद्दल, आणि त्याआधीच्या काळाबद्दलही, थोडे लिहायचे आहे.

युझेफ यांचा जन्म 1900 सालचा. आईवडिलांची शेती थोडकी. गावच्या शाळेत चार इयत्ता झाल्या आणि शिक्षण थांबले. पण शिकण्याची हौस थांबली नाही. तिशीच्या उंबरठ्यावर, ज्या वयात माणूस ‘आता काय शिकायचे’ म्हणतो त्या वयात, ते पिल्झ्नो येथील कृषिशाळेत जाऊन बसले आणि उत्तम गुणांनी पास झाले. गावी परतून त्यांनी फळझाडांची रोपवाटिका सुरू केली. ज्यांच्या घरी अजून वाडी आहे त्यांना कलम बांधण्यात किती चिकाटी लागते हे सांगायला नको. त्यांनी मधमाश्या पाळल्या, रेशमाचे किडे पाळले. स्वतः तयार केलेल्या मधुपेट्यांबद्दल 1933 साली जिल्ह्याच्या कृषिप्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळाले. वाऱ्यावर चालणारे छोटे यंत्र बनवून त्यांनी घरात विजेचा दिवा लावला. फोटो काढण्याचा तर त्यांना भारी नाद! विक्टोरिया मुलीला अभ्यासात मदत करते आहे, पोरे अंगणात अनवाणी उभी आहेत, असे त्यांनी काढलेले फोटो आजही पाहायला मिळतात.

हे सारे मी मुद्दाम सांगतो. काही संतचरित्रे वाचली की वाटते, भक्तिमान माणूस सदा गुडघ्यांवरच असतो. युझेफ यांच्या घरी गुडघे टेकले जात होते यात शंका नाही. दोघे नवराबायको ‘जिवंत जपमाळ’ या मंडळाचे सभासद होते. त्यात सभासद रहस्ये आपापसांत वाटून घेतात आणि जो तो आपल्या वाट्याचे रहस्य रोज म्हणतो. पण प्रार्थना आटोपली की हा माणूस झाडांकडे, मधमाश्यांकडे, पुस्तकांकडे वळत असे. देवाने निर्माण केलेल्या जगाबद्दल इतके कुतूहल असणे हीसुद्धा भक्तीच आहे, असे मला वाटते.

त्यांच्या घरात बायबलमधील कथांचे एक पुस्तक सापडले. त्यात दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याचे शीर्षक लाल रंगाने अधोरेखित केलेले आहे आणि शेजारी समासात पोलिश भाषेत एकच शब्द लिहिलेला आहे : ‘होय’. आणखी एका ठिकाणी तशीच खूण आहे. जे आपल्यावर प्रेम करतात त्यांच्यावरच प्रेम केले तर त्यात मोठे ते काय, असे येशू विचारतो ना (मत्तय 5:46), तिथे.

समासात ‘होय’ लिहायला काही लागत नाही. 1942 सालच्या अखेरीस मात्र त्या शब्दाची किंमत समोर आली. नाझी जर्मनीच्या ताब्यातील पोलंडमध्ये ज्यू लोकांना आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता आणि हे गावोगाव सर्वांना ठाऊक होते. अशा वेळी आठ ज्यू उल्मांच्या दारी आले : गोल्डमन नावाचे गृहस्थ व त्यांचे चार मुलगे, त्यांच्या नात्यातल्या दोन बहिणी आणि त्यांपैकी एकीची लहान मुलगी. घर एवढेसे. त्यात नवराबायको आणि त्यांची मुले. तरीही त्या आठ जणांना माळ्यावर जागा मिळाली आणि ते तिथे वर्षाहून अधिक काळ राहिले. या काळात दळण किती जादा लागले असेल, पाणी किती शेंदावे लागले असेल, याचा हिशेब विक्टोरियाच जाणे.

कुणीतरी चुगली केली. 24 मार्च 1944 रोजी, पहाट होण्याआधी, जर्मन पोलीस आले. आधी त्यांनी लपलेल्या आठ जणांना मारले. मग युझेफ आणि विक्टोरिया यांना घरासमोर उभे करून गोळ्या घातल्या. विक्टोरियाचे दिवस भरत आले होते. मुले आक्रोश करू लागली, तेव्हा अधिकाऱ्याने मुलांनाही मारण्याचा हुकूम दिला. थोरली स्टानिस्वाव्हा सात वर्षांची होती. तिच्या पाठच्या बार्बरा, व्वादिस्वाव्ह, फ्रान्चिशेक, अन्तोनी आणि धाकटी मारिया. मारिया दोन वर्षांचीही नव्हती.

हे वाचून एखादी आई म्हणेल, “फादर, त्यांनी पोरांचा विचार करायला नको होता का?” हा प्रश्न मला टाळायचा नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमाला क्रम लावला आहे. आपल्या माणसांचा आपल्यावर हक्क आधी, असे ते सांगतात. पण तेच पुढे म्हणतात, की परका माणूस अगदी जिवावरच्या संकटात असेल आणि आपला माणूस तसा नसेल, तर काही प्रसंगी परक्याला आधी मदत करावी. विचार योग्य आहे, पण मार्कोव्याच्या त्या घरासाठी तो मला पुरा पडत नाही, कारण तिथे मुलेही संकटात होती.

दार लावून घेतलेल्या बापाला ख्रिस्तसभा पापी म्हणत नाही. प्रत्येकाने असे करावेच, असा दंडकही ती घालत नाही. पण दोन गोष्टी आपण विसरू नयेत. पहिली ही, की मुलांना युझेफने मारले नाही. ते पाप हुकूम देणाऱ्याचे आणि बंदूक चालवणाऱ्याचे आहे, आणि ते आपण चांगल्या माणसाच्या माथी मारता कामा नये. दुसरी गोष्ट अशी, की मुलांना बापाकडून सुरक्षितता हवी असते तसा बापही हवा असतो. दारी आलेल्या शेजाऱ्यांना बाबांनी मरणाकडे परत पाठवले, हे पाहिलेली मुले कुठल्या घरात वाढली असती? त्या घराला छप्पर असते, हे खरे.

10 सप्टेंबर 2023 रोजी मार्कोवा येथे या संपूर्ण कुटुंबाला ‘धन्यवादित’ घोषित करण्यात आले. एक संपूर्ण कुटुंब एकत्र वेदीवर येण्याची ही पहिलीच वेळ. त्यांत सातवे मूलही आहे. आई मरत असताना ते जन्माला आले. त्याला नाव मिळाले नाही, पाण्याने स्नानसंस्कारही झाला नाही. त्याला आईच्या हौतात्म्यात रक्ताचा स्नानसंस्कार मिळाला, असे रोमने स्पष्ट केले आहे. त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी, 25 मार्चला, देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचा सण होता. त्या सणालाही एका ‘होय’चीच आठवण असते.

मार्कोव्यात ज्यूंना लपवणारे हे एकटेच घर नव्हते. उल्मांच्या अंगणात काय घडले हे इतरही शेतकऱ्यांना कळले होते. तरीही जर्मन निघून जाईपर्यंत त्या गावातल्या घरांमधून वीसेक ज्यू जिवंत राहिले.