माडीवरची टाकी आणि खालचा खांब

माणसाला आपल्या घरात हवे ते ठेवण्याचा अधिकार आहे काय, असे कोणी विचारले तर आपण चटकन 'आहे' म्हणू. मात्र ते घर माडीचे असेल आणि माडीखाली दुसरे कोणी राहत असेल, तर उत्तर देण्यापूर्वी जरा थांबावे लागते. गेली काही वर्षे हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. तो आमच्यापुढे कोणत्याही ग्रंथाने ठेवला नाही. मासे ठेवण्याच्या एका काचेच्या टाकीने ठेवला. त्या टाकीच्या व्यवहारात आमचाही हात होता, आणि तो फारसा स्वच्छ होता असे आज आम्हांस वाटत नाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे वसईकडचे जुने घर. भिंती जाड विटांच्या, वर लाकडी माडी: सागाच्या कड्या दीड दीड फुटावर, त्यांवर फळ्या. माडीवर नवराबायको आणि त्यांचा शाळकरी मुलगा. खालच्या दोन खोल्यांत घरधन्याची विधवा आत्या. त्या खोल्या तिच्या वाटणीच्या, हे कागदोपत्री स्पष्ट आहे. जेवणाचे ताट मात्र वरून येते. वाचकांनी हा तपशील ध्यानात ठेवावा.

मुलाने ऑस्कर जातीचे दोन मासे आणले. मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांमधला हा मासा दुकानात दोन इंचांचा दिसतो आणि वर्ष-दीड वर्षात फूटभर होतो. दुकानदाराने ते सांगितले नाही, मुलाने विचारले नाही. अडीच फुटांच्या टाकीत त्या माशांना धड वळताही येईना. तेव्हा सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी टाकी घेण्याचे ठरले. याला केवळ हौस म्हणून झटकता येत नाही. जो जीव आपण आपल्यावर अवलंबून ठेवला, त्याचे आपण काही देणे लागतो. एका बाजूला चैन आणि दुसऱ्या बाजूला गरज असती, तर या निवाड्याला आमची गरजच पडली नसती.

आता वजन पाहा. टाकीचे आकारमान २४ घनफूट, म्हणजे काठोकाठ भरल्यास सुमारे ६८० लिटर पाणी. आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यात जाड काच, तळाची वाळू-खडी, खालचा लोखंडी घोडा मिळवला की बेरीज साडेनऊशे किलोंच्या घरात जाते. हा सारा भार १२ चौरस फूट जागेवर. राहत्या घराच्या जमिनीवर माणसे व सामान यांचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरावा, असे भारतीय मानक १९८७ पासून सांगत आले आहे. टाकीखाली तो चौपटीहून अधिक होतो.

घरधन्याचा यावर एक युक्तिवाद होता आणि तो आम्हांला प्रथम बिनतोड वाटला. "फादर, माझ्या लग्नात या माडीवर तीस माणसे बसली होती. काय झाले?" काही झाले नाही, हे खरेच. पण ती तीस माणसे जेवून घरी गेली. टाकी घरी जात नाही. लाकडाचा स्वभाव असा, की जो भार ते घटकाभर सहज पेलते तोच वर्षानुवर्षे राहिला तर हळूहळू वाकत जाते, आणि भार उतरल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. म्हणून लाकूडकामाच्या नियमांत अल्पकाळच्या भाराला अधिक मुभा असते, कायमच्या भाराला कमी. माणसांच्या बाबतीत आपण हा भेद किती वेळा विसरतो! आजारपणात चार दिवस सेवा करणारी सून आणि बारा वर्षे करणारी सून, दोघींनाही आपण एकच शाबासकी देतो.

अभियंत्याला बोलावले. टाकी मधल्या लाकडी पडदीला टेकून ठेवायची होती. पडदी कड्यांच्या नेमक्या मध्यावर, म्हणजे जिथे त्या सर्वांत जास्त वाकतात तिथे, उभी होती. त्याने सांगितले, कड्यांना जोडकड्या लावा, त्यांच्या खाली आडवी तुळई घाला आणि तुळईला मधोमध लोखंडी खांब द्या. खांबाखाली जमीन खणून काँक्रीटचा पाया भरा. योग्यच सल्ला. केवळ तो खांब आत्याबाईंच्या खोलीच्या मध्यावर येत होता. आधार नेहमी खालूनच द्यावा लागतो, आणि खाली दुसऱ्याची खोली होती.

घरधन्याने आम्हांला मध्यस्थी करण्यास सांगितले. आम्ही गेलो, चहा घेतला आणि म्हणालो, "मावशी, पोराचे मन मोडू नका. एक खांबच तर आहे." त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर बसवू दे, फादर." पाच मिनिटांत काम झाले. परतताना आपण एका घरातील तंटा टाळला याचे समाधानही आम्हांला वाटले होते. वजनाचा आकडा आम्ही उच्चारला नव्हता. खिडकीजवळची त्यांची खाट आतल्या अंधाऱ्या भिंतीशी न्यावी लागेल, हे तर आमच्या ध्यानातही आले नव्हते.

सेमिनरीत असताना रोमन कायद्याशी आमची थोडी ओळख झाली होती. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून इ. स. ५३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डायजेस्ट' या संकलनात परक्याच्या मालमत्तेवरील हक्कांचा ऊहापोह आहे. त्यांत एक हक्क भार वाहवून घेण्याचा आहे: शेजाऱ्याच्या भिंतीने किंवा खांबाने माझ्या इमारतीचा भार पेलावा. अशा इतर हक्कांत ज्याची मालमत्ता बांधली जाते त्याने फक्त सहन करायचे असते, स्वतः काही करायचे नसते. मग हा खांब खिळखिळा झाला तर दुरुस्ती कोणाकडे? गॅलस या विधिज्ञाच्या मते, ज्याला हक्क हवा त्याच्याकडे. सर्व्हियसच्या मते, ज्याचा खांब त्याच्याकडे. आणि हेच मत रूढ झाले. म्हणजे भारही वाहा आणि भार वाहण्याची ताकदही स्वखर्चाने राखा. लाबेओने यातून एक वाट काढली: हे देणे माणसाचे नव्हे, वस्तूचे आहे, म्हणून मालकाला नकोसे झाल्यास त्याने ती वस्तू सोडून द्यावी आणि मोकळे व्हावे. वाट कायदेशीर खरी, पण आत्याबाईंनी खोली सोडून कोठे जायचे होते? आपल्याकडचा १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदाही २० वर्षे निर्वेधपणे मिळालेल्या आधाराला हक्काचे रूप देतो. कायद्याला, दिसते असे, मुकाट्याने सोसणे हे मान्य करण्यासारखेच वाटते.

आम्ही पेचात पडलो तो येथे. आत्याबाईंनी 'हो' म्हटले होते. तो होकार खरा नव्हता असे म्हणावे, तर एका जाणत्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईला आपण लहान मूल ठरवतो. तिच्या औदार्याचे श्रेयही तिच्याकडून हिरावून घेतो. खरा होता असे म्हणावे, तर ज्यांच्या हातून रोजचे ताट येते त्यांना आणि वर घरी आलेल्या फादरांना नाही म्हणण्याची सोय तिला कितपत होती? भीती नव्हती, जबरदस्ती नव्हती. नीतिशास्त्राच्या पुस्तकातील कोणतीही बाधा आम्हांला दाखवता आली नसती. तरीही त्या होकारात काहीतरी कमी होते, आणि ते काय हे आम्हांला वर्षभर सापडले नाही.

वर्षभराने घरभेटीला गेलो, तेव्हा भर दुपारी त्या दिवा लावून तांदूळ निवडत बसल्या होत्या. खांबावर दिनदर्शिका लटकत होती. आम्ही घरधन्याला खाली बोलावले आणि त्याच्यासमोर म्हणालो की आज पुन्हा विचारायचे आहे, आणि उत्तर काहीही आले तरी वरच्या-खालच्या व्यवहारात फरक पडणार नाही. तो चिडला. "आम्ही काय आत्याचे ताट बंद करणार होतो?" आत्याबाई काही बोलल्या नाहीत. मग आम्ही वजन सांगितले: चौदा-पंधरा माणसे, एकमेकांना खेटून, तुमच्या डोक्यावर उभी.

"रात्रीसुद्धा?" त्यांनी विचारले.

"रात्रीसुद्धा."

बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "मासे राहू देत. पण माझी खाट मला खिडकीशी हवी."

पहिल्या होकारात हा 'पण' नव्हता. आम्ही त्याला जागाच ठेवली नव्हती. ज्याला अट घालता येते त्याचेच देणे खरे देणे, असे आता आम्हांला वाटते. आणि ओझे जितके जड व कायमचे, तितका बिनअटीचा होकार अधिक संशयाने पाहावा.

त्या 'पण'ने वरच्यांना विचार करायला लावले, हे विशेष. अभियंता पुन्हा आला. टाकी खिडकीकडच्या बाहेरील भिंतीशी नेली, तर कड्यांची टोके तिथे भिंतीतच टेकलेली असल्याने त्यांना वाकवणारा जोर सुमारे एक तृतीयांश उरतो. जोडकड्या पुरतात, खांब लागत नाही. मग पहिल्यांदाच हे का केले नाही? तर त्या खिडकीतून ऊन येते आणि उन्हात टाकीत शेवाळ माजते, म्हणून. यावर उपाय एक जाड पडदा. आत्याबाईंचा होकार इतका स्वस्त पडला होता, की पडद्याचा विचार करण्याची कोणावर वेळच आली नव्हती. पैसे मात्र दोनदा खर्च झाले. भिंतीतली दोन कड्यांची टोके कुजलेली निघाली, तीही बदलावी लागली.

काम चालू असताना टाकी रिकामी होती. मासे आठवडाभर मोठ्या पिंपात, खालच्या पडवीत ठेवले होते. गुडघ्यांमुळे आत्याबाईंना जिना चढवत नाही. ज्यांचा भार त्यांनी वर्षभर डोक्यावर घेतला ते मासे त्यांनी तेव्हाच प्रथम पाहिले. आम्ही गेलो त्या दिवशी त्या पिंपाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या, आणि हे काय काय खातात म्हणून नातवाला विचारत होत्या.