मुदतीनंतर

फिल्मच्या डब्यावरची तारीख कारखान्याने स्वतःसाठी छापलेली असते. तिथे त्याची जबाबदारी संपते. फिल्म त्यानंतरही फिल्मच राहते. तिच्या वागण्याची हमी मात्र कुणी देत नाही. हमी संपलेल्या वस्तूला मृत समजण्याची माणसाला घाई असते.

टोकियोच्या यानाका भागात मुदत संपलेली फिल्म घेऊन हिंडणारे लोक भेटतात. निप्पोरी स्टेशनाबाहेर पडून ते दफनभूमीतून चालत जातात आणि देवळांच्या भिंतींच्या कडेने बोळांत शिरतात. गळ्यातला कॅमेरा दोन पिढ्यांपूर्वीचा असतो. जुनी वस्ती, जुने यंत्र, जुने रसायन. एवढ्या तयारीनंतर वर्तमानाला जागा उरू नये. तयारी त्याचसाठी असते.

फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि थरात चांदीच्या क्षारांचे कण. त्यांनी लेन्समधून येणाऱ्या उजेडाचीच नोंद घ्यावी अशी अपेक्षा असते. पण उष्णता त्यांच्यापर्यंत पोहोचते. जमिनीतून आणि आकाशातून येणारा सूक्ष्म किरणोत्सारही पोहोचतो. त्याचीही नोंद होते. रोल धुतला की चित्रावर एक धूसर पडदा दिसतो. तो कशाचाच फोटो नसतो. बंद डब्यात काढलेल्या वर्षांचा तो हिशेब असतो. कपाटात राहिलेले आयुष्यही वाया जात नाही, ते उमटते.

जाणकारांचा एक ढोबळ ठोकताळा आहे. दर दशकाला एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड द्यावा. ४०० आयएसओची फिल्म दहा वर्षांनी २०० ची समजावी, वीस वर्षांनी १०० ची. म्हातारपणी तिला तेवढेच दिसायला अधिक प्रकाश लागतो.

वेगवान, म्हणजे जास्त आयएसओची, फिल्म अधिक लवकर बिघडते. जी अंधुक उजेडातही पाहू शकते, तिला नको ते आधी लागते. संथ फिल्म टिकते. संवेदनशील माणसांविषयी आणखी काही सांगण्याची गरज नाही.

रंगीत फिल्मचे थर एकाच गतीने म्हातारे होत नाहीत. एक मागे राहतो, एक पुढे जातो. मग आकाश हिरवट येते किंवा सावल्या जांभळ्या पडतात. फार दिवसांनी भेटलेला ओळखीचा माणूस असाच दिसतो. आवाज तोच असतो, विनोदही तेच. डोळे मात्र पुढे निघून गेलेले.

फिल्म फ्रीझरमध्ये ठेवली की उष्णतेचा त्रास टळतो, किरणोत्साराचा टळत नाही. तरीही लोक ठेवतात. फुजीफिल्मने अक्रोस ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म २०१८ साली बंद केली आणि २०१९ साली नव्या रूपात परत आणली. मधल्या काळात जमवलेले डबे कुठे ना कुठे अजून गारठत पडलेले असणार. टंचाईच्या भीतीने साठवलेले टंचाई सरल्यावरही वापरवत नाही. तोवर त्याचे सामान न राहता दैवत झालेले असते.

यानाकालाही बऱ्याच तारखा उलटून राहावे लागले आहे. १६५७ च्या भीषण आगीनंतर शहराच्या मध्यातली अनेक देवळे या कडेच्या टेकाडावर हलवली गेली. पुढे १९२३ चा भूकंप झाला, १९४५ चे अग्निबॉम्ब पडले. शहराचा मोठा भाग दोनदा राख झाला. यानाका बराचसा उरला. उरण्यात त्याचे कर्तृत्व फारसे नव्हते. वाचलेल्यात लोक शहाणपण शोधतात. वाचलेल्याला ते नाकारण्याचा धीर होत नाही.

दफनभूमीत पाच मजली पॅगोडा होता. १७९१ साली पुन्हा उभारलेला. भूकंपात तो पडला नाही, बॉम्बहल्ल्यांत जळला नाही. ६ जुलै १९५७ च्या पहाटे एका युगुलाने मरणासाठी तो निवडला आणि पेटवला. साऱ्या शहरावरच्या संकटांतून जे वाचते, ते दोन माणसांच्या दुःखात संपू शकते. आता तिथे पायाचे दगड आहेत. पॅगोडा पुन्हा बांधलेला नाही. कॅमेरे त्या दगडांपुढे जास्त रेंगाळतात. उभ्या इमारतीला कल्पनेची मदत लागत नाही आणि माणसाला आपली मदत लागावी असे वाटते.

जपानच्या करकायद्यात लाकडी घराचे आयुष्य २२ वर्षे धरतात. त्यानंतर कागदावर घराची किंमत जवळजवळ उरत नाही, जमिनीची उरते. कागदावर शून्य झालेल्या घरांत दिवे लागतात, भात शिजतो, म्हातारी माणसे दारातल्या कुंड्यांना पाणी घालतात. किंमत संपल्यानंतरचा वापर हाच बहुतेकांचा दीर्घ काळ असतो.

याच भागात १९५५ सालचे एक लाकडी वसतिघर आहे. २०११ च्या भूकंपानंतर ते पाडायचे ठरले. तिथे राहणाऱ्या, कलाशाळेतून आलेल्या तरुणांनी पाडण्याआधी त्या घरातच एक प्रदर्शन भरवले. घराचे अंत्यविधी, अशीच त्यामागची कल्पना होती. लोक लोटले. मालकाचे मन फिरले. २०१३ पासून तिथे कॅफे आणि चित्रदालन चालते. निरोपाची तयारी मनापासून झाली की निरोप देववत नाही. अनेक घरे केवळ घाईने पडली असतील.

फोटो काढणाऱ्यांची वस्तीवर माया असते, पण ती बेतशीर असते. घर जुने हवे, गळके नको. बोळ अरुंद हवा, अग्निशामक गाडी तिथे शिरेल का हा विचार नको. फिल्मकडूनही अशीच अपेक्षा असते. ती बिघडलेली हवी, पण देखणी बिघडलेली. रोल सबंध काळा निघाला तर कुणी त्याला काळाची कृपा म्हणत नाही. अपघाताचे प्रेमी अपघाताची निवड फार काळजीने करतात.

१९८४ साली या भागातल्या तीन बायकांनी एक छोटे नियतकालिक काढले. यानाका, नेझू आणि सेंदागी या तीन वस्त्यांसाठी. म्हाताऱ्यांकडे जाऊन त्या विचारत. विहीर कुठे होती, कोण कुठून आले, आग कुठवर आली. अंक २००९ पर्यंत निघत राहिले. कॅमेरेवाल्यांची गर्दी नंतरची. जुन्याशी बोलायला वेळ लागतो. ते टिपायला सेकंदाचा साठावा भाग पुरतो.

काही रोल धुवायला टाकायचे राहून जातात. विसरल्यामुळे नव्हे. त्यात कोण आहे हे ठाऊक असते म्हणून. उमटलेली पण न धुतलेली प्रतिमा हळूहळू विरते. फिल्म कुणाच्या निर्णयाची वाट पाहत नाही.

शेजारच्या उएनोच्या परिसरात वाढलेले छायाचित्रकार कुवाबारा किनेओ गहाणवटीचा धंदा असलेल्या घरातले. गहाण पडलेली वस्तू मुदत उलटली की दुकानाची होते, हे त्या घरात लहानपणीच कळत असणार. १९३० च्या दशकात ते लायका कॅमेरा घेऊन आजूबाजूच्या रस्त्यांवर फिरत. हौस म्हणून. १९३६ च्या फेब्रुवारीत सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी बंड केले, त्या बर्फाळ दिवशीही ते बाहेर पडले होते. त्या वर्षाच्या टोकियोच्या फोटोंचे त्यांचे पुस्तक निघाले १९७४ साली. दरम्यान त्यातले कितीतरी रस्ते जळून गेले होते.

त्या फोटोंत जुनेपणाचा शोध नाही. फिल्म ताजी होती, पाट्या नव्या होत्या, माणसे आपापल्या कामाच्या घाईत होती. समोर होते ते त्यांनी घेतले, जाहिराती आणि दुकानांच्या काचांसकट.

यानाकाच्या बोळांत आज कॅमेरा जरा तिरपा धरला जातो. विजेच्या तारा वगळायच्या असतात. प्लास्टिकचे क्रेट, पेयांचे यंत्र, डिलिव्हरीची सायकल यांना चौकटीत जागा नसते. आणखी पन्नास वर्षांनी कुणी हा बोळ शोधू लागेल तेव्हा त्याला त्या यंत्रातल्या डब्यांचे रंग हवे असतील. त्याला कान्नोनजी देवळाची एडोकाळातली माती-कौलांची भिंत मिळेल. तिचे फोटो आताच पुष्कळ आहेत.