माळ न घालता

आमच्या वालूरला दारू सोडायची म्हणजे माळ घालायची, हे ठरलेलं. थोरल्या भावानं पंढरपूरला तुळशीची माळ घातली अन् बाटली सुटली. मी माळेशिवाय सोडली, म्हणून गावाच्या लेखी माझं सोडणं अजून कच्चंच. पारावर विचारतात, 'मग शपथ कुणाची घेतली?'

कुणाचीच नाही. 1935 साली अमेरिकेत निघालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारूमुक्ती संघटनेच्या बारा पायऱ्यांतही देव येतोच, ज्याला जसा समजेल तसा. मला तो तसाही समजला नाही. समजला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, तोही कि. मो. फडक्यांच्या मराठीतून. (हात थरथरतात तेव्हा मात्र आधी डॉक्टर. तिथं माळ चालत नाही अन् एलिसही.)

सेलूहून येताना फाट्यावर जीप थांबते. दारू घ्यावीशी वाटते, हे खरं. पण घेतल्याशिवाय भागणारच नाही, याला पुरावा काय? खिशातल्या वहीत एलिसच्या रीतीनं लिहितो : काय घडलं, मनात काय आलं, पुढं काय झालं. तोवर जीप हलते.

भाऊ म्हणतो, 'चोरालाच राखणीला बसवलंस.' बिनतोड वाटतं खरं. पण माळ घालायचं ठरवलं तेही त्याच मनानं ना?

एक मात्र मानतो. माळकऱ्यापुढं कुणी ग्लास धरत नाही. माझ्या वहीला तेवढा धाक नाही. म्हणून लग्नात मी मुद्दाम भावाशेजारी बसतो.